झोपेची भरपाई

९ ऑक्टोबर १९६४, शुक्रवार. रामनगर

ही वही लोंढ्याच्या डॉक्टरांनी लिहायला सांगितली. झोप कधी लागली, किती लागली, कुठे लागली, सगळं लिही म्हणाले. मी सातवी पास आहे, लिहिण्याची अडचण नाही. अडचण दुसरीच आहे. आत्ता एवढं लिहितानाही दोनदा डुलकी आली. पहिल्या ओळीखालचा शाईचा ओघळ त्यातलाच.

मी वासू. मूळचा नंदगडचा, राहतो रामनगरला. रामचंद्रशेटची लाकडाची लॉरी अकरा वर्षं चालवतो. डॉक्टरांनी विचारलं, झोप लागते का? मी म्हटलं, लागते, तीच तक्रार आहे. साडेआठला आडवा होतो आणि साडेपाचला उठतो. नऊ तास होतात. तरी उठल्यावर वाटतं, रात्रभर कोणीतरी डोक्यावर सागाचे ओंडके रचत होतं. त्यांनी जीभ पाहिली, डोळे पाहिले, गुडघ्यावर हातोडी मारली. गुडघा ठीक आहे म्हणाले.

मंगळवारी काय झालं ते लिहिलंच पाहिजे. गुंदच्या वरच्या अंगाला जंगलात तोड चालू आहे. तिथून माल भरून चारच्या सुमाराला निघालो. वळणावर मी ठीक असतो. सरळ रस्ता माझा वैरी. गुंदचं देऊळ मागे टाकलं आणि सरळ रस्ता लागला, एवढं आठवतं. पुढचं आठवतं ते हे की एक माणूस कोयत्याच्या मुठीने काच वाजवत होता आणि लॉरीच्या चारी बाजूंनी भात होतं. पोटरीला आलेलं, कणीस सुटायच्या बेतातलं, हिरवंगार. चाकं निम्मी चिखलात. लॉरीला ओरखडा नाही, ओंडका हललेला नाही, मला खरचटलेलं नाही.

आमचा क्लीनर लखूमामा साठीचा आहे आणि कानाने अधू. तो बांधावर बसून विडी ओढत होता. मी विचारलं, मामा, मला हलवलं का नाही? तो म्हणाला, मला वाटलं डायवरचं हितं काय तरी काम असंल.

रात्र तिथेच लॉरीत काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी जंगल खात्याचा हत्ती आला आणि त्याने लॉरी ओढून रस्त्यावर ठेवली. शेट मला काही बोलले नाहीत. हत्तीशी मात्र बराच वेळ बोलत होते.

११ ऑक्टोबर, रविवार. रामनगर

आज गुंदला पंच बसले. शेत येसूचं, ज्याने काच वाजवली त्याचं. तीन वाफे आडवे झालेत. मी भरपाई द्यायच्या तयारीने गेलो होतो. केशरने, म्हणजे माझ्या बायकोने, निघताना बजावलं होतं की मान खाली घाला आणि म्हणतील त्याला हो म्हणा.

येसूने पंचांपुढे सांगितलं ते असं. या महिन्यात रानडुकरं रोज उतरत होती. डबे वाजवले, आग पेटवली, काही उपयोग नाही. मंगळवारी रात्री हा डायवर लॉरीत झोपला होता. डुकरं आली, बांधापर्यंत आली, लॉरीतून येणारा आवाज ऐकून उभी राहिली आणि शेपट्या वर करून पळाली. बुधवारी लॉरी नव्हती तर परत आली. येसूला पैसा नको. त्याला मी हवा.

गावचा प्रमुख गुणा बुदवंत. तो बराच वेळ सुपारी कातरत राहिला आणि मग निवाडा दिला. कापणी होईपर्यंत वासू डायवरने येसूच्या शेतातल्या माळ्यावर रोज झोपायचं.

मी म्हटलं, राखण करायला माझी ना नाही, पण मी जागा राहू शकत नाही.

"जागायचं न्हाईच," बुदवंत म्हणाला. "जागलास तर तुझा उपेग काय?"

मी मान खाली घालून हो म्हटलं. तोड गुंदलाच चालू आहे, त्यामुळे शेटही राजी झाले. दिवसा गाडी, रात्री माळा, रविवारी घर. घरी सांगितल्यावर केशर चुलीपुढे बसली ती उठेनाच. विचारलं, तिथं तुमच्याजवळ कोण निजणार? मी म्हटलं, माळा एका माणसाचा असतो. ती म्हणाली, कोणीतरी जवळ असायला पाहिजे. मी मनात म्हटलं, बायकांना रानाची भीती वाटते.

१३ ऑक्टोबर, मंगळवार. गुंद

माळा म्हणजे चार खांबांवर बांधलेली बांबूची बाज, वर गवताचं छप्पर. चढलो आणि झोपलो. सकाळी खाली पंधरा माणसं उभी होती. एक डुक्कर आलं नाही म्हणे. येसूची म्हातारी आई फुलाअव्वा हिने तांदळाची भाकरी आणि मध दिला. आयुष्यात झोपल्याबद्दल शिव्या खाल्ल्या होत्या, भाकरी पहिल्यांदाच खाल्ली.

डोकं मात्र फार दुखतंय. उंचावर झोपल्यामुळे असेल.

एक गोष्ट बरी झाली. घरी रोज सकाळी माझ्या उजव्या बरगड्या दुखतात. केशरला झोपेत कोपर मारायची सवय आहे, नऊ वर्षं सोसतोय. माळ्यावर बरगड्यांना आराम.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार. गुंद

काल दसरा. लॉरीला झेंडूची माळ घातली, आरती केली. आरती चालू असताना मी लॉरीला टेकून झोपलो. गावाने आरती तशीच पुढे चालवली. मला कोणी उठवलं नाही. अव्वा म्हणाली, रातच्याला त्याला काम असतंय.

वरच्या वाडीचे लोक येऊन गेले. त्यांच्या भातालाही डुकरं लागलीत. मी एक दिवसाआड त्यांच्याकडे झोपावं असं त्यांचं म्हणणं. येसू म्हणाला, आधी याला तुमचं भात तुडवू द्या, मग मागा. ते लोक खरोखरच विचार करत परत गेले. संध्याकाळी माल घेऊन उतरताना पाहिलं तर त्यांनी आपला रस्त्याकडचा बांध थोडा फोडून ठेवला होता, लॉरी आत येईल इतपत.

१८ ऑक्टोबर, रविवार. रामनगर

काल संध्याकाळी घरी आलो. लिहू नये असं वाटतं, पण वही खरी असावी म्हणून लिहितो.

केशर फार बरी दिसत होती. डोळ्यांखालचं काळं गेलं. अंगण सारवलेलं, परसात वाल लावलेला, माझ्या सदऱ्याचं गळ्याचं बटण पुढे सरकवून शिवलेलं, कारण मान जाड झाल्यापासून ते लागत नव्हतं. चुलीपुढे बसल्या बसल्या पेंगायची ती काल पेंगत नव्हती. भाकरी थापताना गुणगुणत होती. नऊ वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

सहा दिवस नवरा घरात नाही आणि बाई अशी उमलते, याचा अर्थ काय धरायचा? गल्लीत कोण येतं-जातं ते लखूमामाला विचारलं. तो म्हणाला, कासार येतो. कासार सत्तरीचा आहे आणि त्याला एक डोळा नाही. तरी मी बांगड्या पाहिल्या. जुन्याच होत्या.

रात्री तिने कोपर मारायला सुरुवात केली तेव्हा मी ओरडलो. म्हटलं, आता तुला एकटीची सवय लागली, माझी अडचण होते.  सकाळी तिचे डोळे परत तसेच, काळे.

२२ ऑक्टोबर, गुरुवार. गुंद

डुकरं परत आली. वाफ्याच्या कडेची चार हात कणसं खाल्ली. येसूचं तोंड उतरलं. मी म्हटलं, मी तर झोपलो होतो, माझ्याकडून कसूर नाही. येसू म्हणाला, झोपतोस रं, पण मधनं मधनं गप होतोस.

फुलाअव्वा रात्री देवळाच्या पायरीवर बसून ऐकत होती. तिने सांगितलं की माझा आवाज चढत जातो आणि एकदम तुटतो. मग काही नाही. नंतर म्हशीने पाण्यातून डोकं काढावं तसा एक मोठा हिसका, आणि परत सुरू. डुकरांना हे कळलंय. आवाज चालू असला की ती बांधाबाहेर उभी राहतात. तुटला की आत येऊन खातात. हिसका आला की बाहेर. रात्रभर अशी पाळीने जेवतात.

गावाने उपाय काढला. लांब बांबूच्या टोकाला चिंध्यांचा गोळा बांधला. एक माणूस माळ्याखाली बसणार आणि मी गप झालो की खालून ढोसणार. घरटी एक रात्र. पहिली पाळी बुदवंताच्या घरची लागली. माझ्यासारख्या परक्या माणसासाठी एवढं कोण करतं?

२४ ऑक्टोबर, शनिवार. गुंद

उपाय लागू पडला. डुकरं आली नाहीत. मला कळलं पण नाही. फक्त उजव्या बरगड्या दुखताहेत, अगदी घरच्यासारख्या. घरची आठवण आली.

२७ ऑक्टोबर, मंगळवार. रामनगर डेपो

आपण जागे आहोत की नाही याचा भरवसा राहिलेला नाही. आज दुपारी डेपोत माल उतरवायला गेलो. गाडीतून खाली उतरल्यावर कारकून म्हणाला, माल तुम्ही तासाभरापूर्वीच उतरवलाय, पावती तुमच्याच खिशात आहे. बघतो तर होती. पावतीवर सही माझीच, फक्त ओळीवरून खाली घसरत कागदाबाहेर गेलेली.

लॉरी रिकामी होती. मग मी तासभर काय केलं, हे लखूमामाला विचारलं. म्हणाला, बसला व्हतास नव्हं ष्टेरिंगला धरून, डोळं उघडं. मला वाटलं इचार करतुयास.

२९ ऑक्टोबर, गुरुवार. गुंद



आज सुप्याचा बाजार होता. मी माल घेऊन सुप्याच्या अंगाने उतरत होतो. नदीच्या अलीकडचा उतार, ऊन चांगलं पडलेलं, सकाळचे अकरा. लखूमामा म्हणतो, माझे डोळे उघडे होते म्हणून त्याला काही वाटलं नाही. मग त्याला समोर बाजाराला निघालेली बाई दिसली. ती रस्त्याच्या कडेला सरकली तर लॉरीही तिच्याच बाजूला सरकली. तेव्हा त्याने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला आणि माझ्या पायावर पाय देऊन उभा राहिला.

जाग आली तेव्हा बंपरच्या पुढे हातभर अंतरावर फुलाअव्वा रस्त्यात बसली होती. डोक्यावरची पाटी खाली आलेली. पाटीतली कंदमुळं उतारावरून गडगडत नदीकडे चाललेली. ती पाहत होती माझ्याकडे. मी खाली उतरलो आणि तिच्यासमोर रस्त्यातच बसलो.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"झोपायचं ते माळ्यावर झोप रं बाबा," ती म्हणाली. "हितं न्हाई."

मग आम्ही तिघांनी कंदमुळं गोळा केली. गोळा करताना तिने मला हळूच सांगितलं. तिच्या घरची पाळी परवा होती. बांबू घेऊन तीच बसली होती. तिने एका बाजूला खडे टाकत मोजलं. कोंबडा आरवेपर्यंत बेचाळीस खडे झाले. बेचाळीस वेळा माझा श्वास बंद पडला. "मी सोताच्या नवऱ्याला मरताना बघितलंय," ती म्हणाली, "त्यो येकदाच मेला."

३० ऑक्टोबर, शुक्रवार. रामनगर

सकाळी शेटच्या टेबलावर लॉरीची चावी ठेवली. म्हटलं, उद्या कोणाच्या तरी घरी मला तोंड दाखवता येणार नाही, त्याआधी घ्या. शेट म्हणाले, अकरा वर्षांत एक ओंडका हरवला नाहीस. मी म्हटलं, अव्वा हरवली असती. त्यांनी चावी खणात टाकली.

घरी येऊन केशरला सगळं सांगितलं. बेचाळीस खड्यांचं सांगताना हसून सांगितलं, तिला भीती वाटू नये म्हणून. ती हसली नाही. हातातलं सूप खाली ठेवून ती म्हणाली, "मला ठावं हाय."

लग्नानंतर चौथ्या रात्री तिला कळलं. तेव्हापासून ती माझ्या पोटावर हात ठेवून निजते. पोट हलायचं थांबलं की ती वीसपर्यंत मोजते आणि मग कोपर मारते. नऊ वर्षं.

मी विचारलं, मला सांगितलं का नाही?

"सांगून काय झालं असतं?" ती म्हणाली. "तुमी भ्याला असता, मग झोपला नसता. न झोपता गाडी कशी चालवायची?"

हे मला त्या वेळी अगदी बरोबर वाटलं. लिहिताना तितकं वाटत नाही.

मग ती जे बोलली ते खाली बघून बोलली. मी गुंदला गेलो ती पहिली रात्र ती रडली, की आता कोण ढोसणार. दुसऱ्या रात्री रडता रडता तिला झोप लागली. तिसऱ्या रात्री दिवेलागणीलाच लागली. "मला त्याची लाज वाटती," ती म्हणाली. "तुमी तिकडं मरत व्हता आणि मी गाढ झोपत व्हते. सकाळी उठून वाल लावला."

मी तिच्याजवळ बसलो. तिचा हात धरला. धरला आणि बसल्या बसल्या झोपलो.

२ नोव्हेंबर, सोमवार. गुंद

चावी गेली तरी निवाडा आहे तसाच आहे, म्हणून मी गुंदला आलो. या वेळी केशरही आली. फुलाअव्वाने तिला आपल्या घरात ठेवून घेतलं. दोघी संध्याकाळभर चुलीपुढे बसून माझ्याबद्दल असं बोलत होत्या, जसं दोन वैद्य बोलतील. अव्वा म्हणे बेचाळीस. केशर म्हणे आमच्याकडे पस्तीसच्या वर कधी गेले नाहीत. अव्वा म्हणे माळा उंचावर आहे. केशर म्हणे, उताणे निजले की जास्ती, कुशीवर असले की मुळीच नाही. पण एवढं वजन कुशीवर करायला तिला एकटीला जमत नाही. केलं तरी ओंडक्यासारखे परत फिरतात.

अव्वा उठली आणि देवळात वाढवायचा म्हणून ठेवलेला नारळ घेऊन आली.

४ नोव्हेंबर, बुधवार. गुंद

काल रात्री त्या दोघींनी तो नारळ लुगड्याच्या पट्टीत गुंडाळून माझ्या पाठीवर बांधला, बरोबर मणक्यावर. उताणा व्हायला गेलं की नारळ टोचतो आणि माणूस आपोआप कुशीवर येतो.

आज पहाटे मी उठलो. हे वाक्य मी वहीत आधीही लिहिलं असेल, पण ते खोटं होतं. उठणं काय असतं ते मला आज कळलं. डोकं हलकं होतं. माळ्यावरून पलीकडच्या डोंगरावरची झाडं एक एक वेगळी दिसत होती. एक खंड्या पक्षी बांधावर बसला होता, त्याच्याकडे मी किती तरी वेळ पाहिलं आणि मला डुलकी आली नाही. मला रडू आलं. मग मी नारळाला हात जोडले. देवळातला नारळ, देवाची शक्ती असणारच.

खाली उतरलो. खाली येसू उभा होता. डुकरांनी दोन वाफे साफ केले होते.

येसू म्हणाला, रातभर तू काय आवाजच केला न्हाईस.

७ नोव्हेंबर, शनिवार. गुंद

दिवाळीमुळे पंच आज बसले. माझ्यावर आरोप असा की मी मुद्दाम गप झोपतो.

येसू वाईट माणूस नाही. त्याच्या घरात सहा तोंडं आहेत आणि वर्षाचं खाणं त्या शेतात उभं आहे. तो म्हणाला, याने निजायचं कबूल केलं होतं, आता निजण्यात खोट काढतो. नारळ सोडायला सांगा. कापणीला आठ दिवस राहिलेत, आठ दिवसच उताणा निजू दे. मी बांबू घेऊन स्वतः बसतो.

मी बुदवंताला म्हटलं, निवाड्यात झोप म्हटलं होतं, आवाज म्हटलं नव्हतं. बुदवंत सुपारी कातरत राहिला. पंचांपैकी एक म्हणाला, कोंबडा पाळला तर आरवणं त्यात आलंच, वेगळं ठरवावं लागत नाही. हे सर्वांना पटलं. मलाही पटलं. मी पाठीवरची गाठ सोडायला हात मागे नेला.

तेव्हा केशर उठली. पंचांपुढे बाया बोलत नाहीत, त्यातून परगावची. तिचा आवाज चढला नाही.

"तीन वाफ्यांची भरपाई हाय ना?" ती म्हणाली. "मग तीन वाफ्यांची भरपाई घ्या. माणूस घेऊ नका."

 फुलाअव्वा आपल्या मुलाकडे, येसूकडे, बघत होती. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. मग म्हणाला, मला माणूस कशाला पायजे, मला भात पायजे. पण ते त्याने हळू म्हटलं.

मला एक सुचलं, आणि ते मला सुचलं याचंच मला नवल वाटलं, कारण दुपारचे तीन वाजले होते. एरवी त्या वेळी मला माझं नावही सुचत नाही. मी म्हटलं, आता मला चार-पाच तासांची झोप पुरते. मी निम्मी रात्र नारळावर झोपतो आणि निम्मी रात्र जागून डबा वाजवतो. दुसऱ्या निम्म्या रात्री येसूने वाजवावा.

बुदवंताने सुपारी तोंडात टाकली. "म्हंजे राखण करणार म्हण की," तो म्हणाला, जसं काही हे कोणाला आधी सुचलंच नव्हतं.

१६ नोव्हेंबर, सोमवार. गुंद

आज येसूचं भात कापून झालं. डबा वाजवून माझा उजवा खांदा आणि नारळाने पाठ दुखते, बाकी मी उत्तम. गेल्या आठ दिवसांत डुकरांनी फक्त एक कोपरा खाल्ला, तोही येसूच्या पाळीत. त्याला झोप लागली होती. कोणी काही म्हटलं नाही.

कापायला मीही उतरलो. चाकांनी दाबलेल्या तीन वाफ्यांत भात आडवंच वाढलं होतं, तेही कापलं. वरच्या वाडीवाले त्यांचा फोडलेला बांध परत बांधत होते.

२० नोव्हेंबर, शुक्रवार. रामनगर

लॉरीवर शेटनी दुसरा ड्रायव्हर ठेवला होता. त्याने चार दिवसांत डेपोची कमान पाडली, पूर्ण जागेपणी. मी शेटकडे गेलो, नारळाची हकिकत सांगितली. शेटनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, गाडी चालवतानाही नारळ बांधणार काय? मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मग माझा विश्वास कसा बसावा?

केशर दारात उभी होती. ती म्हणाली, मी शेजारी बसते. हे डोळे उघडे ठेवून झोपले तरी मला कळतं. नऊ वर्षांची सवय आहे.

लॉरीत बाई कशी बसवायची, याचा शेटनी बराच विचार केला. लखूमामा म्हणाला, मी मागं ओंडक्यावर बसतो, मला तसं बी काय ऐकू येत न्हाई. शेटनी खणातून चावी काढली आणि ती माझ्या हातात न देता केशरच्या हातात दिली. म्हणाले, पुढचा महिनाभर रोज सकाळी हिने द्यावी, हिला वाटलं तरच.

२३ नोव्हेंबर, सोमवार. गुंद

आज तिने चावी दिली. आधी मला उजेडात उभं करून डोळे पाहिले, तीन प्रश्न विचारले आणि मग दिली.

नाक्यावर जंगल खात्याचा गार्ड रजिस्टर घेऊन आला. ड्रायव्हरचं नाव विचारलं, क्लीनरचं विचारलं. मी केशर म्हटलं. त्याने आत वाकून पाहिलं, तिच्या मळवटाकडे, हिरव्या चुड्याकडे. क्लीनरच्या रकान्यात स्त्री-पुरुष असं काही नव्हतं, म्हणून त्याने लिहून टाकलं.

ती प्रत्येक सरळ रस्त्यावर मला चिमटा काढते. मी म्हटलं, मी जागा आहे. ती म्हणाली, असू द्या.

२८ नोव्हेंबर, शनिवार. गुंदच्या खालचा रस्ता

हे मी लॉरीत बसून लिहितोय.

दुपारी दोनला माल भरून निघालो. पाच दिवस झाले, मला एकदाही डुलकी नाही. केशर सकाळपासून चिमटे काढत होती. देवळानंतरच्या सरळ रस्त्याला लागलो तेव्हा चिमटा आला नाही. मला वाटलं, आता तिला विश्वास आला. थोडं पुढे गेल्यावर पाहिलं तर तिचं डोकं दाराच्या चौकटीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, हातातला पदराचा शेव सुटलेला. झोपली होती.

पुढे दोन मैल खड्डे आहेत. तिथून गेलं की ती जागी होणार. मी लॉरी हळूच थांबवली आणि इंजिन बंद केलं.

रस्ता एका गाडीचा. पाच मिनिटांत मागे दुसरी लॉरी आली आणि तिने भोंगा वाजवायला सुरुवात केली. लखूमामा ओंडक्यांवरून उतरून मागे गेला. काय सांगितलं कोण जाणे, भोंगा थांबला. मग आणखी एक लॉरी आली, मग दोन बैलगाड्या, मग रेंजर साहेबांची जीप. साहेब स्वतः चालत पुढे आले. मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, बिघाड काय आहे? मी म्हटलं, साहेब, क्लीनर झोपलाय. त्यांनी आत पाहिलं. टोपी काढली, थोडा वेळ उभे राहिले आणि पायांचा आवाज न करता परत गेले. जीपचंही इंजिन बंद झालेलं ऐकू आलं. समोरून सुप्याची बस आली, तीही थांबली. बसमधले लोक उतरून सावलीला बसले. बैलांच्या गळ्यातल्या घंटा कोणीतरी हाताने धरून ठेवल्या होत्या.

मी तिचा श्वास ऐकत होतो. आत जायचा, बाहेर यायचा. आत, बाहेर. कुठे तुटत नव्हता. तरी मी हात पुढे नेला आणि लागणार नाही इतक्या अंतरावर तिच्या पोटासमोर धरून ठेवला, आणि मोजायला लागलो.

चार वाजले तेव्हा मागे सात गाड्या होत्या आणि पुढे तीन. कोणी बोलत नव्हतं. ऊन समोरून तोंडावर येत होतं, रस्ता सरळ होता, आणि मी जागा होतो.